कुंदाबाईंचा डावा डोळा

धरणगावच्या सुपडूभाऊंनी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना ताठ बसवून तोंडावर फ्लॅश मारला. मग धुळ्याला दोन दिवसांचं शिबिर झालं. उजेड बाजूनं कसा घ्यायचा, मान किती वळवायची, चेहऱ्यातलं उणं सावलीत कसं ठेवायचं, सगळं शिकून ते हुरूपानं परतले.

त्याच आठवड्यात कुंदाबाई आल्या. वय साठीचं, घरची कापसाची शेती. तरुणपणी पऱ्हाटीची काडी लागून डावा डोळा गेलेला, बुबुळ पांढरं. मुलानं नवं घर बांधलं होतं, भिंतीवर लावायला आईचा फोटो हवा होता. सुपडूभाऊंनी त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावून मान वळवली, दिवा उजवीकडे सरकवला. डावी बाजू काळोखात गेली. फोटो इतका देखणा आला, की न विचारताच त्यांनी एक मोठी प्रत दुकानाच्या काचेत लावली.

चार दिवसांनी कुंदाबाई फोटो न्यायला आल्या आणि काचेपाशी थबकल्या.

"भाऊ, हाई कोन शे? मन्हा दुसरा डोया कथा गया?"

सुपडूभाऊ हसत म्हणाले, "अक्का, तो दिसू नये म्हणूनच तर एवढी खटपट! नाहीतर फोटो बिघडला असता."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक फिसकन हसलं. कुंदाबाईंनी डाव्या बाजूनं पदर पुढे ओढला, फोटोचं पाकीट घेतलं आणि गेल्या. सुपडूभाऊंचे कान तापले. इतकी वर्षं ते या बाईंना बाजारात बघत होते. तो डोळा झाकलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

काचेतला फोटो त्यांनी लगेच काढला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन कुंदाबाईंच्या घरी गेले.

"अक्का, चुकलो. तुम्ही बसाल तसा काढतो. उजेडाला बसा, दारात."

"नको भाऊ," पदर न सोडता त्या म्हणाल्या. "तू काल दुकानमा खरंच बोलना ना."

भिंतीवर नुसता खिळा होता. समोर आलेला चहा सुपडूभाऊंनी खाली मान घालून संपवला.

आता ते कुणाच्या हनुवटीला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "कसं बसायला आवडेल?"

परवा कुंदाबाईंचा मुलगा पासपोर्टचा फोटो काढायला आला. भाऊंनी धीर करून विचारलं, "अक्का कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. फक्त फोटो म्हटलं, की उठून जातात."

दिवा जागेवरच होता, तरी सुपडूभाऊ बराच वेळ तो इकडेतिकडे सरकवत राहिले.