गलाईवाल्या मामांचे हात

लालासाहेबमामांना सहलीला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. सहल कोकणात तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाणार होती. त्या पाण्यानं कातडीला आराम पडतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि आदल्या दिवशीच विट्याहून पिशवी घेऊन सांगलीत हजर झाले. सख्ख्या मामाला नाही कसं म्हणणार? आमच्या सोसायटीनं ठरवलेल्या मिनीबसमध्ये एक जागा रिकामी होतीच.

मामांनी चाळीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं. जुनं सोनं ॲसिडात टाकून शुद्ध करायचं, हे काम. त्यात हातांची पार वाट लागली. बोटांवर पांढरे-लाल चट्टे, नखं झिजलेली, थंडीत भेगांतून रक्त यायचं. माणूस मात्र लाखातला. कऱ्हाड येईपर्यंत निम्मी बस त्यांच्या गप्पांना हसत होती. कुंभार्ली घाटात धुकं विरलं, खाली कोकण दिसलं, तसे सगळे खिडक्यांना चिकटले. मामा संत्री सोलून वाटायला उठले. एकेकानं गोड बोलून नको म्हटलं. मीही म्हटलं, पोट भरलंय. शेवटी सगळी संत्री मामांनीच खाल्ली.

कुंडाच्या पायऱ्यांवर शेजारच्या सुमंतरावांनी मला बाजूला घेतलं. बँकेतून निवृत्त झालेला सभ्य माणूस. मामांच्या हातांचं काही लागण होण्यातलं तर नाही ना, असं त्यांनी हळूच विचारलं. 'ॲसिडनं झालंय', एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण या मंडळींना मी कॉलेजातला प्राध्यापक म्हणून ठाऊक. गलाईवाल्याचा भाचा म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. बघतो, असं पुटपुटून मी मामांकडे गेलो.

"मामा, पाणी फार कढत आहे. तुम्हाला बीपी आहे. राहू द्या."

मामांनी शर्ट काढून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुमंतरावांकडे, आणि शर्ट परत घातला. मी मात्र पाण्यात उतरलो. चांगला अर्धा तास बसलो, हेही सांगायला हवं.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा सुमंतरावांनी मामांनाच त्यांच्या धंद्याचं विचारलं. मामांनी ॲसिडसकट सगळं सांगितलं. सुमंतराव ओशाळले. मला म्हणाले, अहो, मग मघाशीच सांगायचं ना, मामांनाही पाण्यात घेतलं असतं.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "त्येला काय ठावं? त्यो कवा दुकानात आलाच न्हाई."

दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं, तेव्हा दोन वर्षं मी त्याच दुकानात त्यांच्या शेजारी बसून काम केलं. ॲसिडच्या भांड्याला ते मला हात लावू देत नसत. तुला म्होरं शिकायचं हाय, म्हणायचे.

सुमंतराव माझ्याकडे बघत होते. मामा कपात बघत होते.

"हो," मी म्हणालो, "मला काही कल्पना नव्हती."