जेवणानंतरची गोळी

जिना चढताना बायकोला धाप लागू लागली, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय अशक्त झालंय आणि ठोकेही बिनतालाचे आहेत. वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सकाळ-संध्याकाळ. अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी दुसरी, ती उपाशीपोटी. पुढे हैदराबादला नेऊन मांडीच्या नसेतून तार घालायची आणि बिघडलेले ठोके जिथून उठतात ती जागा डागायची. त्यानं हृदयालाही थोडी ताकद येईल, असं ते म्हणाले.

घरी मी तिची नाडी धरून बसायचो.

"कशी हाय?"

"एक ठोका लांब, दोन जवळजवळ."

"तुमच्या वर्गातली पोरं हायत ती. मनाला येईल तवा आत, मनाला येईल तवा भाईर."

मी कॉलेजात इतिहास शिकवलेला.

तारेची तिला भीती नव्हती. "दसरा हू द्या, मग न्या कुठं न्यायचं तिकडं," म्हणाली. आमच्या लेकीची सासू वारल्यावर लातूरला लेकीच्या हातून पहिल्यांदाच घट बसणार होते. लेकीला काही येत नव्हतं. देवणीच्या माहेरच्या शेतातली काळी माती मागवून घेऊन ही तिकडे गेली. नऊ दिवसांचा उपवास तिनं कधी सोडला नव्हता.

मी रोज फोन करायचो. "गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. लिव्हलंय तशाच घेते."

सातव्या माळेला दुपारी घटावर माळ सोडताना तिच्या उजव्या हातातून फुलं गळाली. तोंड वाकडं झालं. लेकीनं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी एसटीनं पोचलो तेव्हा तिची वाचा गेली होती.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना?"

लेकीनं आईची पिशवी पलंगावर उपडी केली. उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट रोजच्या रोज रिकामं होत आलं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना मात्र घटस्थापनेपासून हात लागला नव्हता. त्या पाकिटावर औषधवाल्यानं पेनानं लिहिलं होतं, 'जेवणानंतर'. ती भगर खात होती, केळी खात होती. पण ते फराळाचं. आमच्याकडे त्याला जेवण म्हणत नाहीत. जेवण झालं असतं तर उपवास मोडला असता.

"ही गोळी उपाशीपोटीही चालते हो," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.

दसऱ्यानंतर ती गेली. शेवटपर्यंत बोलली नाही.

"बाबा, सकाळच्या गोळीला पाणी मीच देत होते," लेक पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "मला वाटलं, बाकीच्या पण घेतल्या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

यंदा लेकीचा फोन आला. "बाबा, घट बसवू?"

"बसव."

"आणि उपवास?"

तिच्या आईनं जो मोडला नाही, तो सोड म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि धर तरी कसं म्हणू? पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. ना मी फोन ठेवला, ना तिनं.