मरून ठिपक्यांची गाडी

जुनी गाडी उघडून परत बांधली की दोन-चार नट उरतातच. ते कुठले, हे कोणी सांगत नाही. गाडी चालते, म्हणून ते डब्यात जातात. वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेच्या गॅरेजात असे तीन डबे भरले आहेत. किश्श्यांचंही तसंच. एका लाल गाडीचं कूलिंग बदलायला घेतलं आणि महिनाभरात इतके किस्से उरले, की डबा पालथा केल्याशिवाय आता राहवत नाही.

गॅरेज मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी तिथे दोन वर्षं काम करते आहे. गाडी वकीलसाहेबांची. दोन दारांची स्पोर्ट्स कार, वयाने माझ्याहून मोठी, आणि इतकी बसकी की आत शिरण्याआधी कमरेची परवानगी घ्यावी लागते.

*

पहिल्या दिवशी ती आली तीच ढकलत. बोनेटखालून वाफ निघत होती. वकीलसाहेब म्हणाले, बाकी काही नाही, जराशी गरम होते.

मोठेबाबांनी बोनेटवर हात धरला, न टेकवता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, घरून पीठ आण. भाकरी इथंच टाकू."

मी म्हटलं, जुना रेडिएटर काढू, मोठा अ‍ॅल्युमिनियमचा बसवू, इलेक्ट्रिक फॅन लावू, थर्मोस्टॅट नवा टाकू. मोठेबाबांना यातला एक शब्द आवडला नाही. त्याच आठवड्यात मला पुण्याच्या एका शोरूममधून नोकरीचं पत्र आलं होतं. एसीत बसून कोटेशन पाठवायची! घरात सगळे खूश, मी सोडून. मला गॅरेज हवं होतं.

मोठेबाबांनी वकीलसाहेबांसमोरच अट घातली. "मे महिन्याच्या उन्हात ही गाडी आष्टीले जाऊन वापस आली, आन् गरमीचा काटा लाल पट्टीत नाई गेला, तं गॅरेजची चाबी तुही. गेला, तं चुपचाप पुण्याले जाजो."

त्या दिवसापासून आमच्याकडे कोणाचा कोणावर विश्वास राहिला नाही.

*

मेकॅनिक लोक ओरिजिनल पार्ट काढून घेतात, असं वकीलसाहेबांना नागपूरला कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बायकोची मरून नेलपॉलिशची बाटली घेऊन आले. सुटेल त्या प्रत्येक पार्टवर एक ठिपका. नटांवरसुद्धा. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून गाडीशेजारी बसले. सुनावणी नसेल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच.

मोठेबाबांच्या कामावर उभ्या जन्मात कोणी ठिपका लावला नव्हता. ते पाना उचलून कामाला लागले. पण दुपारी वकीलसाहेब चपला काढून, पाय वर घेऊन खुर्चीत पेंगले, बाटली बोनेटवर राहिली, आणि ते जागे झाले तेव्हा दोन्ही चपलांवर एकेक ठिपका होता.

"हे काय?"

"ओळख केली," मोठेबाबा म्हणाले. "जाताना दुसऱ्याची घालून जाऊ नका."

त्यानंतर ती बाटली शर्टाच्या खिशात, वरून बटण लावून. पुन्हा कोणाच्या हाती दिली नाही.

*

थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवते, तापलं की सोडते. मोठेबाबा आजवर आलेल्या प्रत्येक गाडीची ही झडप काढून टाकत आले आहेत. त्यांचं म्हणणं, "वर्ध्याच्या उन्हात इंजिन गरम करायले झडप काऊन पायजे?"

मी कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी त्या कागदाला हात पुसले.

काढलेल्या झडपा ते एका बिस्किटाच्या डब्यात टाकतात. पितळेचा भाव बघता ते त्या भंगारात विकत असणार, अशी मला खात्री होती. एकदा ते चहाला गेलेले बघून डबा उघडला. आत शंभरेक झडपा, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर. यातल्या निम्म्या गाड्या कधीच मोडीत निघाल्या असतील.

मागून आवाज आला, "मालकाचा माल हाये तो. मागायले आला तं?"

आजवर एकही मालक आला नव्हता. पण एवढ्याने मी विश्वास ठेवणार नव्हते. नवी झडप बसवल्यावर मी वकीलसाहेबांना म्हटलं, झाकणाच्या दोन्ही बोल्टांवर ठिपके लावा, म्हणजे कोणी खोललं तर कळेल. पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूला होतो. तरी ठिपके लावताना त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं!

*

अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर कुरिअरने आला. मोठेबाबांनी तो एका हाताने उचलला आणि लगेच गफूरचाचांना बोलावलं. चाचा म्हणजे मोठेबाबांचे दोस्त. आयुष्यभर पितळेच्या गळक्या रेडिएटरांना झाळून डाग देत आले. त्यांनी नवा रेडिएटर कानाशी धरून वाजवला, हुंगला, आणि निकाल दिला, "बेटी, इसमें जान नहीं है."

मी त्यांच्यासमोर तो बसवला, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. चाचा उकिडवे बसून खाली बघत राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी शांतपणे बोट दाखवलं. गाडीखाली ओल होती. मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझं पुण्याचं तिकीट त्यांच्या खिशातच आहे.

मी गाडीखाली शिरले. सगळे जोड कोरडे. ओघळाच्या मागे मागे सरपटत गेले, तर भिंतीपाशी पोचले. आमचा कूलर गळत होता.

त्या कूलरला गेल्याच आठवड्यात चाचांनी डाग दिला होता.

*

इलेक्ट्रिक फॅन लावल्यावर वकीलसाहेब हौसेने गाडी कोर्टात घेऊन गेले. दहा मिनिटांत त्यांचा फोन. आवाज अगदी खालचा.

"चावी माझ्या हातात आहे, आणि गाडीत कोणीतरी आहे."

मी सांगितलं, गाडी बंद केल्यावरही इंजिन तापलेलं असेल तर फॅन आपोआप फिरतो, मग थांबतो. 

"मग त्याला सांग," ते म्हणाले, "यापुढे मालकाला विचारून फिरायचं."

*

आता आष्टीचा दिवस. मोठेबाबांनी मुद्दाम बाजाराचा दिवस निवडला, आणि निघायची वेळ भर दुपारची. मोकळ्या रस्त्यावर गाडी वाऱ्याने थंड राहते. खरी परीक्षा गर्दीत रांगताना असते. मला त्यांचा डाव कळला होता.

मी पोचले तर इंजिन आधीच सुरू. "थंडं इंजिन पळवत नाई. गरम करून ठेवलं," मोठेबाबा म्हणाले. मला संशय आलाच. झडपेच्या झाकणाचे बोल्ट बघितले. दोन्ही ठिपके शाबूत. काटा बघितला, बरोबर मधोमध. निघालो.

शेजारी मोठेबाबा. मागच्या नावापुरत्या सीटवर वकीलसाहेब, सतरंजीसारखे घडी होऊन. वाटेतल्या आर्वीपर्यंत दोघंही काट्याकडे बघत होते. रस्त्याकडे बघणारी मी एकटीच.

आष्टीच्या बाजारात पुढे कांद्याचा ट्रॅक्टर, मागे टेम्पो, मधे बकऱ्या. स्टिअरिंगला हात लावला तरी चटका बसत होता. एका म्हाताऱ्याने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "बाई, हे कितीले देता?" काटा हलला नाही. टपरीपाशी थांबून मी बोनेट उघडलं. फॅन जोरात फिरत होता, रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतून थेंबही बाहेर नव्हता. मोठेबाबांनी वाकून तीनदा बघितलं.

परत आल्यावर त्यांनी चाव्यांचा जुडगा बोनेटवर ठेवला आणि म्हणाले, "पुण्याले फोन करून नाई म्हून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा माझ्या चावीने शटर उघडलं. गाडी बाहेर काढायला म्हणून आत बसले. इंजिन थंडगार, किल्ली अजून माझ्या हातात.

काटा मधोमध होता.

टिचकी मारली. हलला नाही. काचेभोवतीचं कडं हाताने फिरवलं, तर ते सैल होतं. काच काढली. काट्याच्या टोकाखाली, पांढऱ्या तबकडीवर, वाळलेला मरून ठिपका.

बाहेर स्कूटर थांबली. महिनाभर ज्यांनी एकत्र चहा घेतला नव्हता, ते दोघं एकाच स्कूटरवरून उतरले. माझ्या हातात काच बघून जागीच थांबले.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

वकीलसाहेबांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. मोठेबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मोठेबाबांकडे.

मग मोठेबाबा म्हणाले, "गॅरेज तुहं हाये आता. तूच तपास कर."