सुनेच्या वाट्याची गल्ली

लग्नात सासूबाईंनी मला सोनंनाणं काही घातलं नाही. गल्ली दिली. आमच्या वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बायकांची ती रीतच होती. प्रत्येकीची गल्ली ठरलेली, तिला आम्ही लाईन म्हणायचो. एकीच्या लाईनीत दुसरीनं पोतं घेऊन शिरायचं नाही, आणि हात थकले की लाईन सुनेला द्यायची. सासूबाई नामपूरकडच्या. इंदिरानगरातल्या एकेका फाटकाशी मला उभं करून त्यांनी ओळख करून दिली आणि शेवटच्या बंगल्यापाशी म्हणाल्या, “हाई लाईन आते तुनी शे. कोनाशी भांडू नको.”

ते काही मला जमलं नाही. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आंबलेल्या वरणात भिजलेली रद्दी उपसून मी एक दिवस अशी चिडले की दारोदार सांगत सुटले, ओलं वेगळं ठेवा, सुकं वेगळं ठेवा, दुधाच्या पिशव्या विसळून वाळवा. एका इमारतीतल्या काकूंनी तर मला जिन्यातूनच हाकललं. मीही हट्टाला पेटले, रोज त्याच जिन्यात उभी राहायचे. शेवटी माझी कटकट नको म्हणून त्या पिशव्या धुवायला लागल्या. बाकीच्या बायकांनीही आपापल्या लाईनीत हेच धरलं. वर्षानुवर्षं घसा कोरडा केला तेव्हा कुठे लोकांच्या हाताला वळण लागलं.

मग आमचं कौतुक सुरू झालं. महापालिकेनं बैठकीला बोलावलं, गुलाबाचं फूल दिलं, चहा पाजला, फोटो काढले. शहराच्या स्वच्छतेच्या योजनेत तुमचा सहभाग हवा, असं साहेब म्हणाले. आम्ही फुलून गेलो. कुठल्या गल्लीत काय निघतं, कोण किती नीट वेगळं करतं, सगळं सांगून बसलो. लाईनी आमच्या नावावर लिहून द्या, एवढं मागायचं मात्र एकीलाही सुचलं नाही. आमच्यात तोंडच्या शब्दावर सगळं चालायचं, तिथेही चालेल असं वाटलं.

पोराचं लग्न झालं आणि मी सुनेला घेऊन निघाले. तिच्या हातात नवं पोतं होतं. त्याच सकाळी गल्लीत नवी घंटागाडी आली. जुनी गाडी आम्ही वेचून उरलेलं न्यायची. हिला ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा. मी पुठ्ठ्याला हात घातला तसा गाडीवरचा माणूस म्हणाला, “मावशी, सुक्याला हात नाय लावायचा. आता सुकंबी ठेक्यात हाय.”

“यांना वेगळं करायला शिकवलं कोणी? मी.”

“आसंल. मला वरून सांगितलंय.”

आयत्या बिळावर नागोबा. तेवढ्यात काकू खाली आल्या आणि माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, “काकू, ही माझी सून. उद्यापासून ही येईल.”

त्यांनी सुनेकडे बघून कौतुकानं मान डोलावली. “गोड आहे हो. पण मावशी, सुकंही गाडीतच द्यायचं असं पत्रक आलंय. शिस्त तुम्हीच तर लावलीत आम्हाला.” आणि धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा त्यांनी गाडीत टाकला.

साहेबांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, लाईन तुमची असल्याचा कागद आहे का? पुन्हा चहा मात्र मिळाला. वस्तीतल्या बायका आता एकमेकींच्या लाईनीत शिरून उरल्यासुरल्यासाठी झोंबतात. हे बघायला सासूबाई नाहीत, बरंच झालं. आम्ही आमच्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला, आणि तो आता उचलता येत नाही.

सून त्याच काकूंकडे धुण्याभांड्याला लागली आहे. कामाला चोख आहे. दुधाच्या पिशव्या ती विसळते, वाळवते, आणि घंटा वाजली की खाली जाऊन गाडीत टाकून येते.