गाडीतलं पाणी आणि आमची मोठी माणसं

दोष दाजीकाकाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते दुसरं कोणी सांगणार नाही.

जुनी गाडी आणि घरात म्हातारी माणसं असली की किस्से शोधायला लागत नाहीत. ते कार्पेटखालच्या पाण्यासारखे साचतात. वर सगळं ठीकठाक दिसतं, पाय ठेवला की चप्प! आता मी हे हसत लिहू शकतो. बाहेर आमच्या आचरा गावचा पाऊस कोसळतोय, गाडी घरापुढच्या खळ्यात उघड्यावर उभी आहे, आणि मला उठून बघावंसंही वाटत नाही. दोन महिन्यांपूर्वी असा पाऊस लागला की मी रात्री-अपरात्री बादली घेऊन गाडीकडे धावायचो.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. याहून मोठा गुन्हा आमच्या वाडीत कोणी केलेला नाही, असं सगळ्यांचं मत. माझा बेत साधा होता. बाबांची जुनी गाडी रीतसर टॅक्सी करून घ्यायची आणि कणकवली स्टेशनवरून चाकरमान्यांना, पर्यटकांना आणायचं. पण गाडीत गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी! बाबांनी गणेशचतुर्थीची मुदत घालून निकाल देऊन टाकला,

"चवथीपर्यंत गाडी सुकली नाय, तर ती भंगारात आणि तू गोव्याक, मामाच्या हॉटेलात!"

मामाच्या हॉटेलात मी एकदा आठ दिवस राहिलोय. त्यापेक्षा भंगार बरं.

*

सुरुवात डिकीपासून केली. स्टेपनीवरची चटई उचलली तर खाली हिरवंगार! बाबांनी मिठबावहून बियाण्याचं भात आणलं होतं, त्या पोत्यातून सांडलेले दाणे ओल्यात रुजून वीतभर वाढले होते. मागच्या लाइटचं रबर कुजलेलं होतं, तिथून पाणी आत येत होतं. ते रबर मी बदललं. पण डिकीत आलेलं पाणी बाहेर का जात नाही, ते काही कळेना.

बाबा बघायला आले. मला वाटलं, आता तरी गाडीकडे नीट लक्ष देतील. त्यांनी लावणीचं रोप निरखावं तसं एक रोप उपटून उन्हात धरलं.

"तरवो बरो इलो हा रे!"

आई मागून म्हणाली, "मग लावणीक किती माणसां सांगू?"

*

शेजारचे गुरुजी निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. एक दिवस न बोलावता आले आणि खळ्यात उभं राहून त्यांनी वर्ग सुरू केला.

"पाणी कुठून येतं हे आधी पाण्यालाच विचारावं. चव घेतली की सगळं कळतं. इंजिनाचं असेल तर गोडसर, पावसाचं असेल तर सपक."

मी म्हटलं, "गुरुजी, नको." ऐकतील कसे? त्यांच्या लेखी मी नापास मुलगा! त्यांनी मागच्या सीटखाली बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"खारट! समुद्रावरचं वारं. तळ गंजलाय सगळा."

ओट्यावरून दाजीकाका ओरडला, "खारट आसतलाच! सकाळी बांगड्यांची टोपली थंयच होती!"

गुरुजी चहा न घेता गेले.

*

मग बाबांनी स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक आणला. "तुझ्यासारखो अर्धवट नाय, वीस वर्षांचो अनुभव!" त्या अनुभवाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं,

"गळती खंय शोधीत बसतास? पाण्याक वाट देऊया!"

आणि पुढच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी, त्याने ड्रिलने सरळ भोक पाडलं! बाबा खूश. "ह्येका म्हणतत डोक्या!"

दुसऱ्याच दिवशी मिठबावच्या रस्त्यावर एक भलंमोठं डबकं लागलं. मी चालवत होतो, बाबा शेजारी. खालून कारंजं उडालं ते थेट त्यांच्या लेंग्यात! पुढचा सगळा रस्ता बाबा सीटवर मांडी घालून बसले होते. मी फक्त एवढंच विचारलं,

"वाट बरोबर मिळाली ना पाण्याक?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं.

*

ते भोक बुजवायला दाजीकाका आला. हा बाबांचा थोरला भाऊ. जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, आता होडी नाही, पण हुकूम तसेच. हातात डांबराचा डबा आणि काथ्या.

"बाकीची भोकां बुजवलंय, तसाच ह्या पण बुजवतंय."

मी जागच्या जागी थांबलो. "बाकीची? खंयची बाकीची?"

"सगळी! गेल्या पावसाआधी. दारांच्या बुडाक होती, डिकीत होती, पुढच्या काचेखाली होती. तुम्हां कोणाक दिसली नायत. माका दिसली!"

मी गाडीखाली शिरलो, मग बॉनेट उघडलं. प्रत्येक भोकात काथ्या, वर डांबर. काम अगदी सुबक! काचेवरचं पाणी वायपरखालच्या ज्या भोकांतून बाहेर जायचं, तीही बंद. मग ते पाणी डॅशबोर्डमागून कार्पेटवर येणार नाही तर कुठे जाणार?

"काका, ती भोकां कंपनीनच ठेवलेली असतत! पाणी वरसून येता, ता खालसून जावक व्हया!"

"तू माका शिकवतंस? होडयेक भोक म्हणजे मरण, मेल्या!"

"ही होडी नाय!"

"म्हणानच बुडता!"

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक भोक मोकळं केलं. डाव्या दाराचं भोक उघडल्यावर नळ सोडल्यासारखं पाणी आलं आणि पाण्यामागून एक बेडूक. काकाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मेकॅनिकचं भोक मात्र मी पत्रा लावून बंद केलं. अख्ख्या गाडीत बुजवायचं होतं ते तेवढंच.

*

चवथीच्या आदल्या आठवड्यात परीक्षा. सगळी कार्पेटं काढली, खाली वर्तमानपत्रं पसरली आणि तिन्ही शहाण्यांना आत बसवून काचा बंद केल्या. बाबा, काका, गुरुजी. विहिरीचा पंप लावून पाइप आधी चाकांवर, मग दारांवर, मग काचेवर, मग टपावर धरला. आत तिघांचं भांडण चाललेलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. इतकं सुख मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं!

दार उघडलं. पेपर कोरडे. एक अक्षरही पसरलेलं नाही. मी तिथेच चिखलात बसलो.

बाबा उतरले आणि सरळ विहिरीचा पंप बंद करायला गेले. गुरुजी म्हणाले, "मी म्हटलंच होतं, पावसाचं."

दाजीकाका सगळ्यात शेवटी उतरला. सीटवर हात फिरवून म्हणाला,

"डांबर चांगला होता, म्हणान सुकी रवली."

*

चवथीच्या आदल्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घातली. वाडीतली सगळी माणसं खळ्यात. घरातला मोठा म्हणून गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायला, दाजीकाकाच पुढे. नारळ हातात धरून त्याने डोळे मिटले. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी होकार द्यायचा, असा रिवाज. किल्ली बाबांच्या मुठीत, आणि बाबा माझ्याकडे बघत.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेत जा पाणी येय होता, ता तुझ्या कृपेन आणि ह्या दाजीच्या हातान बंद झाला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्याशिवाय सगळे ओरडले.

बाबांची मूठ उघडली नाही.

"आणि ह्यो आमचो झील हेच्या पुढे मोठ्या माणसांचा ऐकतलो, उलट बोलाचो नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मूठ तशीच. काकाने एक डोळा उघडला. आई हळूच म्हणाली, "म्हण रे बाबा." सगळं खळं माझ्या तोंडाकडे बघत होतं.

गाडी मला मिळाली. त्यासाठी मला सगळ्यांसमोर मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं.