हौसाकाकीची फांदी

जामसंड्यात लाईट गेली की लोक आधी बाबली घाडीला शिव्या घालतात आणि मग मेणबत्ती शोधतात. बाबली वायरमन. कंपनीच्या कागदावर त्याचा हुद्दा काहीतरी लांबलचक आहे, पण गावाला तो बाबली वायरमन, आणि लाईट म्हणजे जणू त्याच्या बापाची, हवी तेव्हा खिशात घालून घरी नेतो. मासे घ्यायला उभा राहावा तर बाई सुरमई कापता कापता विचारणार, "काल कित्या गेल्ली रे?" देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करावा तर पुजारी तीर्थ हातात धरून ठेवणार आणि आधी व्होल्टेजचं गाऱ्हाणं ऐकवणार. सख्ख्या भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना पंखे थांबले, तर अख्खा मांडव नवरा-नवरीला सोडून बाबलीकडे बघायला लागला. आता त्या वेळी तो काय करणार होता? हातात अक्षता होत्या त्याच्या!

त्यामुळे बाबलीचं डोकं कायम तापलेलं. खांबावर चढताना शिव्या, उतरताना शिव्या, मध्ये पकड सापडली नाही तर पकडीला शिव्या. बायको नर्मदा म्हणायची, "तुमका पगार लाईटीचो गावता काय गाळी घालूचो?" पण चतुर्थीच्या दिवशी वाढलेल्या पानावरून उठून गेलेला हाच, आणि जूनच्या वाऱ्यात पडलेल्या तारा काट्याकुट्यातून ओढत काढणाराही हाच. गाव हे बघतं, मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतं, कित्या गेल्ली?

तर अशा या बाबलीच्या सगळ्या संतापांमध्ये एक संताप बारमाही होता. हौसाकाकीची फांदी.

देवगडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हौसाबाईचं घर. मागेपुढे हापूसची कलमं, माणूस म्हणाल तर ती एकटी. मुलगा दीपेश मुंबईला नोकरीत. पुढच्या अंगणातल्या कलमाची एक जाडजूड फांदी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, बाहेर गेलेली, थेट रस्त्यावरच्या तारांकडे. उघड्या तारा. वारा सुटला की फांदी डुलायची, तारेला चाटून यायची, ठिणगी उडायची आणि अर्धं जामसंडे अंधारात बसायचं.

"काकी, ही फांदी मारूक व्हयी," बाबलीने पहिल्यांदा सांगितलं ते डिसेंबरात.

"आता? मोहोर इलो मेल्या तिका! फुलल्या कलमाक करवत लावतंस? हात झडतले तुझे."

बरं, मोहोर गळेपर्यंत थांबला. गेला तर फांदीला बारीक बारीक फळ धरलेलं. मग आंबे. मग पाऊस. पावसात कलम कापलं तर पाणी मुरून कुजतं म्हणे. पाऊस सरला तर नवी पालवी. पालवी जून झाली, चला आता तरी, म्हणून बाबली करवत घेऊन हजर, तर काकी फांदीकडे बोट दाखवून म्हणते, "बग, मोहोराचो डोळो फुटतासा." आता तुम्हीच सांगा, देवाने वर्षात एक तरी दिवस या बाईच्या फांदीसाठी मोकळा ठेवला होता का? ऑफिसातून नोटीस आणली तर ती तिने वाचली, घडी घातली आणि कलमाखाली बाबलीला चहा दिला. बाबलीने हात टेकले.

नुसती फांदी असती तरी सोसली असती. पण त्या फांदीला दुपारचं ऊन मिळायचं, म्हणून तिच्यावरचा आंबा सगळ्यांच्या आधी तयार व्हायचा. आणि हौसाकाकीचा नेम असा, की पहिला आंबा देवीच्या पायाशी, आणि तो काढायचा तिनेच, आपल्या हाताने. गड्याला हात लावू द्यायची नाही. पदर खोचून, गडग्यावर चढून, झेला उभारून ही बाई उघड्या तारांच्या खाली उभी! झेला म्हणजे लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. बांबूची होती तोवर बाबली कसाबसा श्वास घेत होता. पण दीपेश एका मे महिन्यात आला तो आईसाठी मुंबईहून नवीन झेला घेऊन आला. हलका, चकचकीत, ॲल्युमिनियमचा.

बाबलीने तो बघितला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. अरे, आईसाठी साडी आण, मिठाई आण, मिक्सर आण. हे काय आणलंस? "काकी, ह्यो तारेक लागलो तर जाग्यार जातलंस!" तो ओरडला.

"बांबू माका उचलाक जमणा नाय आता. खांदो दुखता," काकी म्हणाली. "आणि मी बगून काढतंय."

बगून काढते! डोळ्यात मोतीबिंदू, आणि बगून काढते!

मग बाबलीने स्वतःपुरता एक मार्ग काढला. पहिला आंबा तयार झाला की काकीचा फोन यायचा. दरवर्षी तेच. "बाबली, उद्या सकाळी आंबो काढतंय हां." एवढंच बोलून ठेवून द्यायची. बाबली फोनवर तोंडाला येईल ते बोलायचा, पण पलीकडे कोणी नसायचं. आणि सकाळी हा गडी मुकाट्याने डीपीपाशी जायचा, स्विच खाली ओढायचा आणि काकी गडग्यावरून उतरेपर्यंत रस्त्यापलीकडच्या काजूखाली तिच्यावर नजर ठेवून, दातओठ खात उभा राहायचा. ती आंबा काढायची, उन्हात धरून न्याहाळायची, पुन्हा दुसरा शोधायची. घाई म्हणून नाही.

तोवर इकडे बोंब. नाक्यावर दाऊदभाईंची पिठाची चक्की, ती अर्ध्या दळणात बंद पडायची. दाऊदभाई पांढऱ्या भुवया घेऊन रस्त्यावर येऊन ओरडायचे, "बाबल्या, आज काय पाऊस नाय, वारो नाय, लाईट कसली रे घालवतंस? झोपेत बटण दाबतंस?"

"फॉल्ट आसा," बाबली सांगायचा.

"फॉल्ट तुझ्या डोक्यात आसा!"

बाबली ऐकून घ्यायचा. दुसरं करणार काय? खरं सांगितलं असतं तर गाव काकीच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं, आणि ऑफिसने बाबलीला दाराबाहेर उभं केलं असतं. साहेबांना काय सांगायचं, की देवीच्या आंब्यासाठी लाईट बंद केली?

असं चाललं होतं, आणि यंदा मार्चअखेरच्या गडबडीत बाबलीची बदली झाली. खारेपाटणला. मोबाईलवर ऑर्डर आली आणि सोमवारी हजर व्हायचं. नर्मदा खूश झाली, तिचं माहेर तिकडेच. दाऊदभाईंनी तर चक्की बंद करून चहा पाजला, आणि चहा पाजता पाजता म्हणाले, "नवो माणूस बरो येवंदे रे बाबा," आणि तोंड फिरवलं. बाबलीला मात्र काही सुचेना. डोळ्यासमोर सारखा तो चकचकीत झेला. नवा पोरगा येणार, त्याला ही बाई कोण, फांदी कुठली, काय माहीत? आणि त्याला सांगून तरी काय सांगणार? एका म्हातारीचा फोन आला की गावाची लाईट घालव? तो खुळ्यात काढेल.

शनिवारी बाबलीने मनाशी ठरवलं. आज ऐकायचं नाही. रडली, शिव्या दिल्या, आडवी पडली तरी ऐकायचं नाही. शिडी खांद्यावर, करवत हातात, डोळे लाल करून तो अंगणात शिरला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "काकी, सोमवारी मी खारेपाटणाक चल्लंय. बदली झाली."

हौसाकाकी सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. तिने फांदीकडे बघितलं. आंबे टपोरे झाले होते, आठवडाभरात पहिला उतरला असता.

"मगे काप आजच," ती म्हणाली.

बाबलीला वाटलं, आपले कान गेले. इतकी वर्षं घसा फोडला, नोटीस आणली, हातापाया पडला. आणि ही म्हणते, काप आजच!

"आता काप? इतकी वर्षा तुका सांगतंय, तेवा मोहोर, तेवा पालवी..."

"तेवा तू होतंस. मी आंबो काढतंय म्हणान तुका उगाच फोन करी होतंय? तू त्या काजूखाली उभो रवतंस, तां माका दिसणा नाय? मोतीबिंदू आसा, आंधळी नाय मी. आता नवो येतलो, तेका खंयचा म्हायत?"

बाबलीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! आणि आपण लाईट घालवत राहिलो, म्हणून ही फांदी राहिली. गावाच्या शिव्या खाऊन आपणच ती जपली. त्याने डीपीवर जाऊन स्विच ओढला, शिडी लावली, वर चढला, करवत फांदीवर ठेवली. आणि हात पुढे जाईना.

"काकी, आंबे भरले गो," तो वरून म्हणाला. "आठ दिवस थांब. आंबे उतरव, मगे कोणाकडसून तरी..."

"कापतंस काय मी चढू?"

बाबलीने कापली. फांदी कडकडत गडग्यावर पडली, आंबे अंगणभर गडगडले. काकी वाकून एकेक उचलत टोपलीत टाकायला लागली. बाबलीला राहवेना.

"माझी बदली झाली नसती तर?"

"तर फांदी रवली असती."

"आणि मी रिटायर झालंय असतंय, मगे?"

"तवसर मी वरती गेलंय असतंय रे," काकी आंब्यावरची माती पदराने पुसत म्हणाली. "माझो हिशोब बरोबर होतो. ह्या तुझ्या कंपनीन घोळ घातल्यान."

बाबली शिडीवरून उतरला नाही. त्याला रडू फुटलं होतं, आणि ते या बाईला दाखवायचं नव्हतं. तो तिथेच, कापलेल्या फांदीच्या खुंटाला धरून, कंपनीला एकामागून एक शिव्या घालत राहिला.