तानाबाईची जीभ

वडनेर भोलजीत तानाबाईच्या जिभेवर अख्खी गल्ली डोळे मिटून विसंबायची. घरामागं तिची परसबाग. एका अंगाला मिरच्या, दुसऱ्या अंगाला मांडवावर काकडीचे वेल. काकडी तोडली की देठाकडचा तुकडा कापायचा, तोच काकडीवर गरगर घासून फेस काढायचा, मग एक चकती जिभेवर. कडू निघाली तर थेट उकिरड्यावर! गोड निघाली तर "घेऊन जाय, गोड हाये." तानाबाई असं म्हणाली की विषय संपला.

हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना चव घेऊन गेला. वरणात मीठ आहे की नाही, कळेना. मिरची चावली की मात्र जीभ झोंबायची, डोळ्यांत पाणी यायचं. झालं, बाईला तेवढ्यानं धीर आला! झोंबते म्हणजे जीभ शाबूत आहे, बाकीचं येईल हळूहळू. नवरा, पंजाबराव, जेवताना म्हणाले, "काऊन वं, भाजी खारट करून राह्यली?" तर तीच उसळली, "तुमचंच तोंड बिघडलं!" जिच्या जिभेचं गावभर कौतुक, तिनं हे सांगावं तरी कोणत्या तोंडानं?

उन्हाळ्यात कुंपणाशी काकडीचा एक वेल आपोआप उगवला. पाण्याची बोंब, ऊन भाजून काढणारं, बाकीच्या वेलांनी माना टाकलेल्या, आणि हा आपला माजल्यासारखा पसरत गेला. शेजारच्या गीताबाईची बकरी एकदा आत घुसली. मिरचीची रोपं ओरबाडली तिनं, पण त्या वेलाला नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तानाबाईच्या काळजात चर्र झालं. पण "मुकं जनावर, त्याले काय कळते," म्हणून तिनं ते झटकून टाकलं. तिथंच चुकली बाई!

लेक समता बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट चांगलंच दिसायला लागलेलं. "आई, तुह्या हातची काकडीची कोशिंबीर खाऊ वाटते."

तानाबाई लगबगीनं उठली. मांडवावरचे वेल सुकलेले, म्हणून कुंपणाच्या वेलाच्या काकड्या तोडल्या. फेस काढला, चकती जिभेवर ठेवली. ना गोड, ना कडू. कडू असती तर कळलंच असतं, असं तिनं स्वतःला बजावलं. दोन काकड्या कुंपणावरून गीताबाईच्या नातवंडांना दिल्या, "गोड हायेत" म्हणाली, आणि उरलेल्यांची हिरवी मिरची ठेचून कोशिंबीर केली.

पहिल्याच घासाला समता थांबली. "आई, कडू लागून राह्यली काय वं?"

"मिरचीचा जोर हाये तो. म्या चाखली ना! खाय."

समतानं वाटी पुसून खाल्ली.

दुपार कलायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. पोटात पीळ पडून पोरगी गुरासारखी ओरडायला लागली, तेव्हा पंजाबरावांनी ऑटो बोलावला आणि तिघं नांदुऱ्याच्या दवाखान्यात पोचले. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोके शोधत होत्या. एक सापडे, मग बराच वेळ नुसती खरखर.

कोशिंबिरीचं कळल्यावर त्यांनी विचारलं, "एवढी कडू काकडी खाल्लीच कशी? विष असतं त्यात."

समता डोळे मिटूनच म्हणाली, "कडू नव्हती मॅडम. आईनं चाखली होती."

 तानाबाई भिंत धरून म्हणाली, "कडूच असन मॅडम. मले चव येत नाही. हिवाळ्यापासून."

समतानं डोळे उघडून आईकडं पाहिलं.

"त्या वेलाची आणखी कोणी खाल्ली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तानाबाईनं नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावून शेजारी लावला. गीताबाईनं उचलला. मागं लेकरांच्या ओकण्याचा, रडण्याचा कालवा.

"पोट्टे नाहीच म्हणत होते माय, कडू हाये म्हणे," गीताबाई रडत म्हणाली. "म्याच दटावून चारली. म्हणलं, तानाबाईनं चाखली हाये, खा मुकाट्यानं."